लॅपटॉपची निवड आणि खान्देशचा उन्हाळा

बारावीचा निकाल लागून महाविद्यालयांचे प्रवेश सुरू झाले, की खान्देशातल्या शिक्षकांना दरवर्षी एक प्रश्न हमखास विचारला जातो : "सर, मुलासाठी लॅपटॉप कोणता घेऊ?" विचारणारे पालक कधी रावेर-यावलकडचे केळी उत्पादक असतात, कधी शिंदखेडा-पारोळ्याकडचे कापूस पिकवणारे. ऑगस्टमध्ये कापूस शेतात उभा असतो, त्याचे पैसे हाती येतात ते दिवाळीच्या पुढे-मागे. म्हणजे लॅपटॉपची रक्कम बहुधा साठवणीतून किंवा उसनवारीतून काढलेली असते, आणि एकदा घेतलेली वस्तू पदवी मिळेपर्यंत तीन-चार वर्षे चालायलाच हवी असते. पालकांची अट असते, की तो अभ्यासाला उपयोगी पडावा. मुलाच्या मनात आणखी एक अट असते, की त्यावर अधूनमधून एखादा खेळही चालावा. दोन्ही अटी रास्त आहेत.

अशा वेळी आपण एखाद्या कंपनीचे नाव सांगून मोकळे होतो, किंवा "आय फाइव्ह घ्या" असे म्हणतो. हे उत्तर अपुरे आहे. या लेखात आम्ही कोणत्याही कंपनीची शिफारस करणार नाही आणि किमतीही देणार नाही, कारण नमुने सहा महिन्यांत बदलतात आणि भाव तर दर महिन्याला हलतात. पण लॅपटॉप ज्या नियमांनी चालतो ते नियम बदलत नाहीत. त्यांतला एक नियम दुकानातल्या जाहिरातीत कधी दिसत नाही, आणि जळगाव-धुळ्यात तोच सर्वांत महत्त्वाचा ठरतो. तो आहे उष्णतेचा.

लॅपटॉप म्हणजे एक छोटी शेगडी

लॅपटॉप जेवढी वीज घेतो, त्यातली जवळजवळ सगळी शेवटी उष्णतेत बदलते. पडद्याचा थोडासा प्रकाश आणि पंख्याचा वारा सोडला, तर बाहेर पडणारे दुसरे काही नसते. पत्र लिहिताना लॅपटॉप साधारण ७-८ वॅट वीज घेतो. खेळ सुरू झाला की हा आकडा २५ वॅटच्या घरात जातो. यातली बरीचशी उष्णता नखाएवढ्या चकतीत, म्हणजे प्रोसेसरमध्ये, निर्माण होते. तिथून ती तांब्याच्या नळीने पातळ पात्यांकडे नेली जाते आणि लहानसा पंखा ती बाहेर फेकतो.

उष्णता किती वेगाने बाहेर जाईल, हे आतल्या आणि बाहेरच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. न्यूटनचा शीतलनाचा नियम आपण शाळेत शिकवतो, तोच इथे उपयोगी पडतो. प्रोसेसर साधारण ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ दिला जात नाही. त्याआधीच तो स्वतःचा वेग कमी करून घेतो. आता एक उदाहरण घेऊ. समजा, एका लॅपटॉपमध्ये दर वॅट उष्णता बाहेर टाकण्यासाठी ३.५ अंशांचा फरक लागतो आणि प्रोसेसरची मर्यादा ९५ अंश आहे.

खोली २५ अंशांवर असेल, तर फरक ७० अंशांचा. ७० भागिले ३.५, म्हणजे प्रोसेसर सतत २० वॅट वापरू शकेल. मे महिन्यात दुपारी खोली ४२ अंशांवर असेल, तर फरक उरतो ५३ अंशांचा, आणि प्रोसेसरला वापरता येतात फक्त १५ वॅट. हाच लॅपटॉप गादीवर ठेवला, खालची जाळी झाकली गेली आणि दर वॅटला ५ अंश लागू लागले, तर १०-११ वॅटच उरतात. म्हणजे वस्तू तीच, पण शक्ती निम्मी.

शक्ती निम्मी झाली म्हणून वेग निम्मा होतो असे मात्र नाही. वेग उतरवला की प्रोसेसरला लागणारा विद्युत्दाबही उतरवता येतो, आणि विजेचा खप दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे २० वॅटवरून १५ वॅटवर आल्याने वेग दहाएक टक्केच घटतो. लेखन, वाचन, हिशेब यांत तो जाणवतही नाही. खेळात मात्र जाणवतो, कारण तिथे प्रोसेसर आणि चित्र काढणारा भाग यांना तीच वीज वाटून घ्यावी लागते.

बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापराच्या तापमानाची वरची मर्यादा ३५ अंश सेल्सिअस दिलेली असते. खान्देशात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ ते ४५ अंशांपर्यंत चढतो. मर्यादा ओलांडली की यंत्र लगेच बिघडते असे नाही, पण निर्मात्याने ते ज्या हवेसाठी तयार केले त्या हवेत आपण ते वापरत नसतो, हे ध्यानात ठेवावे लागते. वर्तमानपत्रांतली आणि चित्रफितींतली परीक्षणे बहुधा २२ ते २५ अंशांच्या खोलीत केलेली असतात. जळगावच्या गोलाणी मार्केटमधले किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवरचे वातानुकूलित दुकानही तसेच. तिथे सुरळीत चाललेला खेळ घरी पत्र्याच्या खोलीत अडखळू लागला, तर दोष दुकानदाराचाही नसतो आणि यंत्राचाही नसतो.

आपल्याकडे यावर एक चांगला उपाय घरोघरी आहे, तो म्हणजे कूलर. खान्देशचा उन्हाळा कोरडा असल्याने पाण्याचे बाष्पीभवन झपाट्याने होते आणि खोली दहा अंशांनी सहज उतरते. वरच्या उदाहरणात ४२ ऐवजी ३२ अंश घातले, तर १५ ऐवजी १८ वॅट मिळतात. कूलरचे तुषार अंगावर येणार नाहीत एवढ्या अंतरावर, सपाट टेबलावर लॅपटॉप ठेवला म्हणजे झाले.

कामाची यादी आधी करावी

उष्णतेचा हिशेब समजला, की पुढचा प्रश्न सोपा होतो : गरजेपेक्षा जास्त वॅट खाणारे यंत्र घ्यायचेच कशाला? म्हणून दुकानात जाण्याआधी विद्यार्थ्याने कामांची यादी करावी. १९९० साली जळगावला स्थापन झालेल्या आणि २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करणाऱ्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेत जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे येतात. इथल्या कला आणि वाणिज्य शाखांच्या विद्यार्थ्याला लेखन, टॅली, एक्सेल आणि ऑनलाइन व्याख्याने एवढेच लागते. विज्ञानाचा विद्यार्थी पायथनमध्ये आज्ञावली लिहील. अभियांत्रिकीचा विद्यार्थी ऑटोकॅडसारखी रेखाटने करील, पण तीही बहुधा पहिल्या सत्राच्या पहिल्या दिवशी नव्हे. म्हणून प्रवेशाच्या घाईत खरेदी करण्याची गरज नाही. महाविद्यालयात महिनाभर जाऊन, वरच्या वर्गातल्या मुलांना आणि विभागातल्या शिक्षकांना विचारून मग घेतले तरी चालते.

हलके खेळ कशाला म्हणावे? बुद्धिबळ, माइनक्राफ्ट, दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे मोटारींच्या शर्यतींचे खेळ, किंवा व्हॅलोरंटसारखे कमी सामग्रीत चालावेत म्हणून बनवलेले खेळ, हे हलके. यांना वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. प्रोसेसरमध्येच असलेला चित्र काढणारा भाग ते पेलतो. खास खेळांसाठीचे लॅपटॉप दोन किलोंहून जड असतात. त्यांचे ग्राफिक्स कार्ड एकटेच ५० वॅट आणि त्याहून अधिक उष्णता ओतते. आपल्या मे महिन्यात त्या जादा शक्तीसाठी मोजलेल्या पैशांतले बरेचसे पंख्याच्या आवाजात जातात.

नावात फसू नये

आता प्रोसेसर. "आय थ्री", "रायझन फाइव्ह" ही नावे घराण्यांची आहेत. एका घराण्यातले दोन भाऊ अगदी वेगळे असू शकतात. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू या नावांत एका अंकाचा फरक आहे. पण पहिल्यात चार गाभे आहेत आणि त्यांची रचना २०१९ साली आलेली. दुसऱ्यात सहा गाभे असून त्यांची रचना २०२० सालची. चित्र काढणारे विभाग पहिल्यात २, दुसऱ्यात ७. खेळ खेळणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. ७००० च्या या मालिकेत तिसरा अंक रचनेची पिढी सांगतो. ग्राहकाचे लक्ष मात्र पहिल्या अंकाकडे जाते आणि दोन्ही त्याला नवेच वाटतात.

इंटेलच्या बाबतीतही तेच. कोअर आय३-१२१५यू मध्ये दोन मोठे आणि चार लहान गाभे आहेत. कोअर आय३-एन३०५ मध्ये आठही गाभे लहान आहेत. नुसती गाभ्यांची संख्या मोजली, तर दुसरा श्रेष्ठ वाटेल. पण एकेक काम झटपट उरकण्यात पहिला पुढे आहे. शेवटच्या अक्षराकडेही पाहावे. या मालिकांत 'यू' असेल तर साधारण १५ वॅटच्या वर्गाचा प्रोसेसर, 'एच' असेल तर साधारण ४५ वॅटच्या वर्गाचा. वर पाहिलेल्या हिशेबाप्रमाणे आपल्याकडे 'यू' बरा.

तेव्हा दुकानदाराकडून केवळ "आय थ्री" असे उत्तर घेऊ नये. पूर्ण क्रमांक कागदावर लिहून घ्यावा आणि घरी येऊन निर्मात्याच्या संकेतस्थळावर त्याची माहिती वाचावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना शिकवण्यासारखी ही एक चांगली सवय आहे.

स्मृती : ओटा आणि फडताळ

संगणकाची मेमरी म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा, आणि साठवणीची डिस्क म्हणजे फडताळ. ओटा लहान असेल, तर दर दोन मिनिटांनी वस्तू फडताळात ठेवाव्या आणि परत काढाव्या लागतात. विंडोज ११, ब्राउझरची दहा-बारा पाने आणि एक ऑनलाइन वर्ग एवढ्यानेच ८ जीबीचा ओटा भरत येतो. त्यातच चित्र काढणारा भाग आपला वाटा याच मेमरीतून घेतो. म्हणून ८ जीबी ही किमान मर्यादा समजावी. तीन-चार वर्षांचा विचार केला, तर १६ जीबी असावे, किंवा पुढे वाढवता येईल अशी सोय असावी. काही लॅपटॉपमध्ये मेमरी मुख्य पाटावर सोल्डर केलेली असते आणि ती कधीच वाढवता येत नाही. वर सांगितलेल्या ७५२०यू सोबतची मेमरी अशीच असते.

मेमरीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. डीडीआर४-३२०० प्रकारची मेमरी सेकंदाला ३२० कोटी वेळा, दर वेळी ८ बाइट माहिती पाठवते. गुणाकार केला तर सेकंदाला २५.६ जीबी. एकच पट्टी असेल, तर हा एकच रस्ता. दोन पट्ट्या असतील, तर दोन रस्ते आणि ५१.२ जीबी. लेखनाला याने फरक पडत नाही. पण चित्र काढणारा भाग याच रस्त्याने माहिती आणतो, त्यामुळे खेळात फरक चटकन दिसतो. १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८ जीबीच्या दोन चांगल्या. आज एकच पट्टी परवडत असेल, तर दुसरी खाच रिकामी आहे ना, एवढे पाहून घ्यावे आणि कापसाचे पैसे आल्यावर दुसरी बसवावी.

साठवणीसाठी एसएसडीच हवी. जुन्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती सुईखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी थांबावे लागते. एसएसडीत फिरणारे काहीच नसते, आणि हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाएवढ्या वेळात होते. एसटीच्या धक्क्यांनाही ती बधत नाही. ५१२ जीबी पुरेशी होते. काही अगदी स्वस्त लॅपटॉपमध्ये 'ईएमएमसी' नावाची साठवण असते. ती बऱ्याच संथ असते आणि पाटावर सोल्डर केलेली असल्याने बदलता येत नाही, म्हणून टाळावी.

बॅटरीचा हिशेब

खेड्यावर वीज गेली, तरी लॅपटॉपचा अभ्यास थांबत नाही, हा त्याचा डेस्कटॉपपेक्षा मोठा फायदा. पण "आठ तास चालते" या विधानावर जाऊ नये. बॅटरीवर वॅट-तास छापलेले असतात, ते पाहावेत. ते नसतील, तर मिलिअँपिअर-तासांना व्होल्टने गुणावे आणि हजाराने भागावे. ३६५० मिलिअँपिअर-तास आणि ११.५ व्होल्ट म्हणजे सुमारे ४२ वॅट-तास. लेखनाला ७ वॅट लागत असतील, तर ४२ भागिले ७, म्हणजे ६ तास. खेळाला २५ वॅट लागले, तर १ तास ४० मिनिटे.

बॅटरीचा खरा शत्रू उष्णता. रासायनिक क्रियांचा वेग दर १० अंशांना साधारण दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे. लिथियम-आयन बॅटरी झिजते तीही अशा क्रियांनीच. पूर्ण भरलेली बॅटरी आणि तापलेली खोली हे दोन्ही एकत्र आले, की झीज सर्वांत जास्त. म्हणून उन्हाळ्यात चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असेल, तर ती चालू करावी. पुष्कळ कंपन्या ही सोय देतात. उन्हात लावलेल्या मोटारीत किंवा दुचाकीच्या डिकीत लॅपटॉप ठेवू नये. झिजून बॅटरीची क्षमता ७० टक्क्यांवर आली, तर वरचे ६ तास ४ तास १२ मिनिटांवर येतात. म्हणून खरेदी करतानाच बदली बॅटरी मिळते का आणि जवळचे सेवा केंद्र जळगावला आहे, धुळ्याला आहे, की नाशिकला जावे लागते, हे विचारून ठेवावे.

जुना लॅपटॉप घ्यावा का?

कार्यालयांतून निघालेले, दुरुस्त करून विकले जाणारे लॅपटॉप बांध्याला मजबूत असतात, आणि कमी पैशांत ते चांगला पर्याय ठरू शकतात. पण एक तारीख लक्षात ठेवावी. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. सहाव्या-सातव्या पिढीचा लॅपटॉप स्वस्तात मिळतो, त्याचे हे एक कारण. तो घेतलाच, तर त्यावर लिनक्स बसवावे. अभ्यासाची बहुतेक कामे त्यावर होतात. काही ऑनलाइन खेळ आणि काही अभियांत्रिकी आज्ञावल्या मात्र लिनक्सवर चालत नाहीत. जुन्या यंत्राच्या बॅटरीचा अहवाल विंडोज स्वतःच तयार करून देते. त्यात मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी-शेजारी दिसतात. हा अहवाल पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

दुकानात काय पाहावे

दोन मिनिटांच्या चाचणीवर विश्वास ठेवू नये. तवा तापायला जसा वेळ लागतो, तसाच आतल्या तांब्यालाही लागतो. तोपर्यंत प्रोसेसर पूर्ण वेगाने पळतो आणि ग्राहक खूश होतो. शक्य झाल्यास एखादे जड काम १५-२० मिनिटे चालू ठेवावे आणि टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वेग पाहावा. सुरुवातीच्या आणि शेवटच्या आकड्यांतला फरक थंड दुकानातच मोठा असेल, तर घरी तो वाढणारच. हवा आत घेणारी आणि बाहेर सोडणारी जाळी कुठे आहे, तेही पाहावे. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर किती खाचा वापरात आहेत ते दिसते. पडदा १९२० गुणिले १०८० बिंदूंचा असावा, वाचायला सुखाचा पडतो. खेळताना मात्र १२८० गुणिले ७२० निवडावे. एकूण बिंदू २० लाख ७३ हजारांवरून ९ लाख २१ हजारांवर येतात, म्हणजे काम निम्म्याहून कमी होते आणि उष्णताही घटते.

घरी आणल्यावर एक काम वर्षातून एकदा करावे. होळीच्या सुमारास आपण कूलर बाहेर काढतो, त्यातले गवत बदलतो. त्याच वेळी लॅपटॉपचा पंखाही माहितगाराकडून साफ करून घ्यावा. खान्देशच्या धुळीत कापसाचे तंतू असतात, आणि ते पात्यांत अडकून नमदा तयार होतो. तो काढला, की थांबलेले काही वॅट फुकट परत मिळतात.

वर्गात करून पाहण्यासारखे

हा सगळा विषय लॅपटॉप नसलेल्या शाळेतही शिकवता येतो. स्टीलच्या पेल्यात ठरावीक माप गरम पाणी घ्या. पुठ्ठ्याच्या झाकणाला भोक पाडून त्यातून तापमापी बसवा. पाणी ७० अंशांवरून ६० अंशांवर यायला किती मिनिटे लागतात ते मोजा. हा प्रयोग जानेवारीच्या सकाळी, खोली २० अंशांवर असताना एकदा करा, आणि एप्रिलच्या दुपारी, खोली ४० अंशांवर असताना पुन्हा करा. पेला, पाण्याचे माप आणि जागा तीच ठेवा, पंखा बंद ठेवा. पाण्याचे सरासरी तापमान ६५ धरले, तर जानेवारीत फरक ४५ अंशांचा आणि एप्रिलमध्ये २५ अंशांचा येतो. म्हणजे एप्रिलमध्ये सुमारे १.८ पट वेळ लागायला हवा. तुमच्या वर्गात किती येतो? कमी-जास्त आला, तर का, याची चर्चा करा. मग एप्रिलमध्ये तोच पेला पुन्हा भरून टेबल-पंख्यासमोर ठेवा आणि वेळ मोजा. लॅपटॉपमधला पंखा काय काम करतो, ते मुलांना आपोआप कळेल.

हा तक्ता ज्या मुलांनी स्वतः भरला आहे, त्यांतली काही दोन-तीन वर्षांनी पालकांबरोबर दुकानात उभी असतील. तेव्हा झाकणावरच्या नावाआधी ती खालची जाळी उलटून पाहतील आणि प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक विचारतील. शेतातल्या पैशाचे चीज होण्यासाठी एवढे पुष्कळ आहे.